अनोळखी माणसांचे जुने फोटो प्रसिद्ध करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या जुन्या बाजारात ढिगातून उचललेला अल्बम, चोरबाजारातली कॅबिनेट कार्डं (जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले जुने स्टुडिओ फोटो), बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावरचे निगेटिव्हचे खोके, वाडा पाडताना निघालेली ट्रंक. हे फोटो स्कॅन करून फेसबुकवर टाकायचे असतात, गावच्या प्रदर्शनात लावायचे असतात, नाहीतर शताब्दीच्या स्मरणिकेत छापायचे असतात. आणि फोटोतलं कुणीच आपल्या ओळखीचं नसतं. अशा लोकांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कायद्याचा भाग भारतापुरता आहे. परदेशाचं शेवटाकडे थोडक्यात येईल. माझं एक मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल: भांडण फोटोवरून कमी होतं, फोटोखाली लिहिलेल्या ओळीवरून जास्त.

फोटो मी रोख पैसे देऊन घेतला. मग तो माझाच ना?

कागद तुमचा. तो फ्रेम करा, विका, कुणाला भेट द्या. पण त्याच्या प्रती काढून लोकांपुढे मांडण्याचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, ही वेगळी मालमत्ता आहे आणि ती रद्दीवाल्याकडे कधीच नव्हती. तो ती तुम्हाला विकणार कुठून?

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण शिकागोचं. व्हिव्हियन मायर ही दुसऱ्यांची मुलं सांभाळणारी बाई आयुष्यभर रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढत राहिली. गोदामाचं भाडं थकलं म्हणून २००७ मध्ये तिच्या खोक्यांचा लिलाव झाला, २००९ मध्ये ती वारली, आणि त्यानंतर ती जगप्रसिद्ध झाली. निगेटिव्ह ज्यांनी घेतल्या होत्या त्यांनी प्रदर्शनं भरवली, प्रिंट विकल्या. २०१४ मध्ये प्रश्न उभा राहिला की हे सगळं कोणाच्या परवानगीनं? फ्रान्समधल्या दूरच्या नातलगांपर्यंत शोध गेला, कोर्टकचेरी झाली, आणि निगेटिव्हच्या मुख्य मालकाला शेवटी तिच्या इस्टेटीशी, म्हणजे तिच्यामागे राहिलेल्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्यांशी, तडजोड करावी लागली. खोकी त्याचीच होती. हक्क त्याचे नव्हते.

मग हक्क कोणाचा? फोटो काढणाऱ्याचा की फोटोतल्या माणसाचा?

१९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा. पण कलम १७ मध्ये एक अपवाद आहे, जो बहुतेकांना ठाऊक नसतो: कुणी पैसे देऊन फोटो काढवून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे लग्नाचा ग्रुप, मुंजीचा फोटो, स्टुडिओत पडद्यासमोर खुर्चीवर बसून काढलेला जोडप्याचा फोटो, या सगळ्यांचा हक्क त्या घराचा, स्टुडिओचा नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की घरगुती स्टुडिओ फोटोंत कॉपीराइटचा प्रश्न आणि चेहऱ्याचा प्रश्न एकाच उंबऱ्यावर जाऊन पोचतात. घर सापडलं तर दोन्ही सुटतात.

वर्तमानपत्राच्या नोकरीतल्या छायाचित्रकाराच्या फोटोत वर्तमानपत्रात छापण्यापुरता हक्क मालकाचा असतो. सरकारी कामाचा फोटो सरकारचा, प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. हौशी माणसानं रस्त्यावर काढलेला फोटो त्याचा स्वतःचा, आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा.

किती जुना फोटो झाला की तो सगळ्यांसाठी मोकळा होतो?

‘साठ वर्षं झाली की मोकळा’ हे सर्रास ऐकू येतं. ते अर्धवट खरं आहे, कारण नियम मध्येच बदलला.

१९५८ च्या आधी इथे १९११ चा ब्रिटिश कायदा चालत होता. त्यात फोटोला निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षं संरक्षण होतं. तेव्हा १९०७ पर्यंत काढलेल्या फोटोंचे हक्क नवा कायदा २१ जानेवारी १९५८ ला लागू होण्याआधीच संपलेले होते, आणि नव्या कायद्यानं ते पुन्हा जिवंत केले नाहीत. १८९७ च्या प्लेगचे फोटो, राजा दीनदयाळांच्या पहिल्या काळातलं काम, एकोणिसाव्या शतकातली मुंबईची दृश्यं, हे सगळं कॉपीराइटच्या बाजूनं निर्धास्त वापरा.

१९५७ च्या कायद्यात फोटोची मुदत प्रसिद्धीपासून मोजायची होती, आधी ५० वर्षं आणि १९९२ पासून ६०. मग २०१२ च्या दुरुस्तीनं ते कलमच काढून टाकलं. २१ जून २०१२ पासून फोटोलाही पुस्तकासारखाच नियम आहे: कर्त्याचं आयुष्य अधिक ६० वर्षं. तोवर ज्यांची मुदत संपली होती ते फोटो मोकळेच राहिले. म्हणून १९५१ मध्ये किंवा त्याआधी प्रसिद्ध झालेला फोटो जुन्या हिशेबानंच सुटलेला आहे. त्यानंतरच्या फोटोला, छायाचित्रकाराचं नाव माहीत असेल तर, त्याचं मृत्यूचं साल शोधा. तो १९६५ मध्ये गेला असेल तर हक्क ३१ डिसेंबर २०२५ ला संपला.

१९०८ ते १९५७ या काळातला, कधीच कुठे न छापलेला घरगुती फोटो हा मात्र खटकणारा भाग आहे. दोन कायद्यांचे सांधे तिथे नीट जुळत नाहीत. व्यवहारात कुणी खटला भरायला येत नाही, पण पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तसा फोटो घालायचा असेल तर आधी घर शोधा.

फोटोग्राफर कोण हेच कळत नाही. काय करू?

आधी फोटो उलटा करा. जाड पुठ्ठ्याच्या कार्डावर पाठीमागे स्टुडिओचं नाव सोनेरी किंवा तपकिरी छपाईत असतं, बाजूला मिळालेल्या पदकांची चित्रं, खाली ‘निगेटिव्ह जपून ठेवली आहे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ, आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेला निगेटिव्हचा नंबर. पुढच्या काळातल्या कागदी प्रिंटवर जांभळा रबरी शिक्का असतो. शिक्क्यात टेलिफोन नंबर किती आकडी आहे यावरूनसुद्धा काळाचा अंदाज येतो. स्टुडिओ बंद झालेला असला तरी त्या पेठेत, त्या बाजारपेठेत नाव सांगितल्यावर ‘त्यांचा मुलगा आता झेरॉक्सचं दुकान चालवतो’ म्हणणारं कुणीतरी भेटतंच.

कर्ता अज्ञात असेल तर मुदत प्रसिद्धीपासून ६० वर्षं. ज्याचा मालक सापडत नाही अशा कृतीसाठी कलम ३१अ मध्ये परवान्याची सोय आहे: देशभर खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची, मग अर्ज, मग ठरेल ती रक्कम भरायची. मोठ्या प्रकाशकाला हे जमेल. चाळीस पानांची गावची स्मरणिका काढणाऱ्यांनी निदान शोधाची नोंद ठेवावी: कुणाला विचारलं, कधी, काय उत्तर आलं. उद्या कुणी दारात आलं तर तुम्ही बेफिकीर नव्हता एवढं तरी दाखवता येतं. त्यानं हक्क मिळत नाही, पण वादाचा सूर बदलतो.

फोटोतल्या माणसाची परवानगी कायद्यानं लागते का?

‘चेहऱ्याचा हक्क’ असा स्वतंत्र कायदा भारतात नाही. सार्वजनिक जागी काढलेला, कुणाची फजिती न करणारा फोटो दाखवायला सर्वसाधारणपणे अडचण येत नाही. मात्र पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं, आणि तेव्हापासून घराच्या आतल्या क्षणांचे फोटो उघड करण्याकडे कोर्टं वेगळ्या नजरेनं बघतात.

माणूस हयात नसेल तर? खासगीपणाचा हक्क माणसाबरोबर संपतो, वारसांकडे जात नाही, अशी भूमिका कोर्टांनी घेतलेली आहे. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांनी चित्रपटाविरुद्ध केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये हेच म्हटलं. म्हणजे १९१० च्या फोटोतल्या पणजोबांच्या वतीनं खासगीपणाचा दावा टिकणं कठीण.

पण जुना फोटो म्हणजे त्यातली माणसं गेलेली, या हिशेबात फार जण चुकतात. १९६५ च्या शाळेच्या ग्रुपफोटोत पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेली दहा वर्षांची मुलगी आज सत्तरीत आहे. तिच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप आहे, आणि फोटो तिच्यापर्यंत पोचायला एक दिवससुद्धा लागत नाही.

नव्या डेटा कायद्यात हे फोटो येतात का?

येऊ शकतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा कागदावरून नंतर डिजिटल केलेल्या माहितीलाही लागू होतो. ओळखता येणाऱ्या हयात माणसाचा स्कॅन केलेला फोटो, सोबत नाव आणि गाव, ही सरळ सरळ वैयक्तिक माहिती. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात.

स्वतःच्या घरापुरता, वैयक्तिक वापर यातून वगळलेला आहे. संशोधन आणि संग्रहण यांनाही सूट आहे, पण ठरवून दिलेले निकष पाळण्याच्या अटीवर. चार मित्रांनी मिळून चालवलेलं ‘आमचं गाव, जुने फोटो’ हे पान त्या सुटीत आपोआप बसतं असं धरून चालू नका.

बंद स्टुडिओच्या हजारो निगेटिव्ह मिळाल्या आहेत. सगळ्या टाकू का?

नको. या प्रश्नावर जरा थांबायला हवं, कारण असा साठा हल्ली बराच बाहेर पडतो आहे. स्टुडिओ चालवणारी पिढी गेली, फिल्ममधल्या चांदीसाठी भंगारवाला किलोवर दर देतो, आणि कुणीतरी इतिहासप्रेमी ऐनवेळी पोचून खोकी वाचवतो. वाचवलीत हे फार चांगलं केलंत. पण आत काय आहे ते पाहा.

निम्मे पासपोर्ट फोटो. काही दुकानांची उद्घाटनं, मेळे, गणपती, सत्यनारायण. आणि मोठ्या संख्येनं मुलींचे उभे फोटो: काठपदराची साडी, खांद्यावर पुढे घेतलेली वेणी, हात स्टुलावरच्या फुलदाणीवर, मागे रंगवलेला बंगल्याचा जिना. हे स्थळं बघताना पत्रिकेबरोबर पाठवायला काढलेले फोटो. त्या व्यवहाराला ठरलेली शिस्त होती. ‘पत्रिका जुळत नाही’ असं पत्र लिहून फोटो परत पाठवायचा असे. न पाठवणाऱ्या घराला लोक नावं ठेवत. म्हणजे त्या काळीही सगळ्यांना समजत होतं की हा फोटो ठरावीक डोळ्यांसाठी आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या त्या मुली आज आज्या आहेत, बहुतेक हयात आहेत. त्यांचा संच ‘रेट्रो ब्यूटी’ म्हणून टाकणं मला पटत नाही, आणि खाली ज्या कॉमेंट येतात त्या वाचल्यावर तुम्हालाही पटणार नाही. कायद्यानंही हे फोटो त्यांच्या वडिलांनी पैसे देऊन काढवलेले; स्टुडिओकडे राहिली ती नुसती फिल्म.

त्याहून जपायची वस्तू म्हणजे स्टुडिओची नोंदवही. नंबर, तारीख, नाव, पत्ता, प्रती किती, बाकी किती. अभ्यासाला सोन्यासारखी आणि जगजाहीर करायला अजिबात नको अशी. ती वेगळी ठेवा, स्कॅन करा, आणि इंटरनेटवर चढवू नका. टाकायचंच असेल तर रस्ते, दुकानं, मिरवणुका, गर्दी यांच्यापासून सुरुवात करा. घरातले आणि एकट्या माणसाचे फोटो ओळख पटेपर्यंत थांबू द्या.

गेलेल्या माणसाबद्दल काही लिहिलं तर बदनामी होते?

होऊ शकते, आणि ‘ओळ’ म्हणून मी सुरुवातीला जे म्हटलं ते इथे लागू पडतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये (जुन्या दंडविधानातलं ४९९) स्पष्ट म्हटलं आहे की मृत व्यक्तीबद्दलचं विधानही बदनामी ठरू शकतं, जर ती हयात असती तर तिच्या नावाला धक्का लागला असता आणि ते विधान कुटुंबीयांना दुखावण्याच्या हेतूनं केलेलं असेल.

एक ग्रुपफोटो घ्या. बारा माणसं, सगळी ताठ, आणि कडेला आलवण (विधवेचं लुगडं) नेसलेली, डोक्यावरून पदर ओढलेली एक बाई. ‘विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं एक एकत्र कुटुंब’ एवढं लिहिलं तर कुणाचंच काही जात नाही. ‘केशवपन करून कोपऱ्यात बसवलेली दुर्दैवी सून’ असं लिहिलं की तुम्ही तीन गोष्टी मनानं घातल्या: ती सून आहे, तिला बसवलेलं आहे, तिचं दुर्दैव. कदाचित ती आत्या असेल आणि घर तीच चालवत असेल. तिचा पणतू फोन करतो तो फोटोमुळे नाही.

दिसतं ते लिहा. पाठीमागे लिहिलेलं असेल ते ‘पाठीमागील नोंद’ म्हणून लिहा. अंदाज असेल तर अंदाज म्हणा. सावकार, बाई ठेवलेली, इंग्रजांचा माणूस, पळून गेलेला, असली ऐकीव विशेषणं कागदपत्राशिवाय कधीच लिहू नका.

इंग्रजांच्या काळातल्या फोटोंवर जातीची नावं छापलेली असतात. ती तशीच द्यायची?

कॉपीराइट इथे संपलेला असतो, अवघडपणा संपलेला नसतो. साहेबानं माणसांना उभं करून, कधी नुसतं मोजमापासाठी, फोटो काढले आणि खाली जातीचं लेबल लावलं. माणसाचं नाव मात्र विचारलंच नाही. सोलापूरसारख्या ठिकाणी ‘गुन्हेगार जमातीं’च्या वसाहती होत्या. १८७१ पासूनचा तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला आणि ते समाज विमुक्त झाले. त्या वसाहतीतल्या माणसाच्या फोटोखाली जुना शिक्का आज आपल्या शब्दांत पुन्हा मारण्याचं काही कारण नाही. मूळ मथळा अवतरणात द्या, तो कुणी, कधी दिला ते सांगा, आणि आपलं वर्णन वेगळं लिहा. जातीवाचक अपमानाला अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहेच. नर्तकी, कलावंतीण म्हणून पोस्टकार्डांवर विकल्या गेलेल्या बायकांच्या बाबतीत तर आजचं आडनाव आणि गाव जोडून ‘शोध’ लावण्याचा मोह टाळाच. गोव्यात आणि इकडे अनेक घरांनी ती ओळख मोठ्या कष्टानं मागे टाकली आहे.

वंशज विचारायला येतात, हे आता जगभर दिसतं. अमेरिकेत १८५० मध्ये लुई अगासी या शास्त्रज्ञासाठी रेंटी आणि त्याची मुलगी डिलिया या गुलाम माणसांचे उघड्या अंगाचे फोटो काढले होते. त्यांची वंशज असल्याचं सांगणाऱ्या टमारा लॅनियर यांनी २०१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठावर दावा लावला. फोटोंची मालकी कोर्टानं त्यांना दिली नाही, मानसिक त्रासाचा दावा मात्र पुढे चालू दिला. २०२५ मध्ये तडजोड झाली आणि ते फोटो हार्वर्ड सोडणार हे ठरलं.

लहान मुलांचे, आजाऱ्यांचे, मृतांचे फोटो?

उघड्या बाळाचा पाटावर पालथा घालून काढलेला फोटो आपल्याकडे घरोघरी असे. त्यात वाईट काही नाही, पण इंटरनेटवर टाकू नका. तो कुठे जाईल हे तुमच्या हातात राहत नाही, आणि कंपन्यांच्या आपोआप चालणाऱ्या तपासणीत तुमचं खातं बंद पडू शकतं. लैंगिक अत्याचारातील पीडितांची, तसंच गुन्ह्याच्या प्रकरणात अडकलेल्या किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. कात्रण कितीही जुनं असो, नाव झाका.

अंत्ययात्रेपूर्वी सगळ्या घरानं मृताभोवती बसून काढलेला अखेरचा फोटो: कायदा गप्प आहे. मी तो घरच्यांना विचारल्याशिवाय लावत नाही.

हॉटेलच्या भिंतीवर, साडीच्या जाहिरातीत वापरला तर?

हल्ली मिसळीच्या हॉटेलांत भिंतभर कुणाचे तरी आजोबा लटकलेले असतात. भिंतीवर चालून जातं. पण नऊवारीतल्या अनोळखी बाईचा फोटो आपल्या मालाच्या पाकिटावर छापला, तर ती त्या मालाची भलामण करते आहे असा भास होतो, आणि अभ्यासासाठी, समीक्षेसाठी कायद्यात जी सवलत आहे तीही धंद्याला मिळत नाही. कॉपीराइट मुद्दाम मोडण्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. नफ्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. मॉडेल घ्या, जुना पडदा लावा, फोटो काढा.

संग्रहालय म्हणतं, स्कॅन आमचा, पैसे द्या. हे बरोबर आहे?

मूळ फोटोची मुदत संपली असेल, तर नुसत्या हुबेहूब स्कॅनमुळे नवा कॉपीराइट जन्मत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या ईस्टर्न बुक कंपनी निकालाच्या आधारे म्हणता येतं: नुसती मेहनत पुरत नाही, थोडी तरी सर्जनशीलता लागते. पण स्कॅन घेताना तुम्ही अटींवर सही केली असेल तर ती सही तुम्हाला बांधते. आणि जतनाचा खर्च त्यांनी केलेला आहे, हेही लक्षात असू द्या.

जुना फोटो रंगवला, किंवा एआयनं हलता केला तर?

कर्त्याचा विशेष हक्क कलम ५७ मध्ये आहे: नाव लागण्याचा, आणि बदनामीकारक मोडतोडीला हरकत घेण्याचा. रंगवलेला असेल तर तसं ठळक लिहा आणि मूळ शेजारी द्या. अनोळखी बाईला डोळे मिचकवायला, हसायला लावणारे व्हिडिओ मला भयंकर वाटतात. ओळख पटवण्यासाठी अनोळखी चेहरे चेहरा-शोधक साइटवर चढवणंही नको. गावातल्या पारावर प्रिंट घेऊन जा. तिथे जास्त उत्तरं मिळतात.

पोस्टकार्डाच्या मागचा मजकूर छापू का?

तो वेगळा हक्क आहे, पत्र लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. पत्ते झाका.

मी परदेशात राहतो. इथले नियम वेगळे आहेत का?

हो. जर्मनीत माणसाचं चित्र प्रसिद्ध करायला संमती लागते आणि मृत्यूनंतर दहा वर्षं ती जवळच्या नातलगांकडे मागायची असते. युरोपातला डेटा कायदा मृतांना लागू नाही, देश आपापले नियम करतात. अमेरिकेत अज्ञात छायाचित्रकाराचा, कधीच न छापलेला फोटो काढल्यापासून १२० वर्षं संरक्षित असतो. विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या खुल्या फोटोसाठ्यावर) भारतातला फोटो चढवायचा तर तो भारतात आणि अमेरिकेत, दोन्हीकडे मोकळा असावा लागतो.

कुणीतरी लिहिलं, ‘ही माझी आई आहे, फोटो काढा.’ काय करू?

आधी काढा, मग बोला. पुराव्यासाठी आधार कार्ड मागू नका. दुसऱ्याचं आधार आपल्या इनबॉक्समध्ये साठवणं ही नवी आफत. घरच्यांनाच माहीत असेल असं काहीतरी विचारा: शेजारी कोण उभं आहे, फोटो कुठे काढला. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी तीच मंडळी नावं, सालं आणि आणखी चार फोटो पाठवतात, आणि ‘आता नावासकट टाका’ म्हणतात. नाही म्हणाले तर विषय संपला. मूळ प्रिंटची एक चांगली प्रत त्यांना द्या.

‘कुणाचा आक्षेप असल्यास कळवावे’ असं लिहिलं की जबाबदारी संपते ना?

नाही. त्या ओळीनं परवानगी मिळत नाही. तिचा उपयोग एवढाच की तक्रार वकिलाकडे जाण्याआधी तुमच्याकडे येते. म्हणून ती लिहायची असेल तर खाली चालू असलेला ईमेल पत्ता द्या, आणि तो कुणीतरी रोज उघडतं ना, ते बघा.